एक खातें, एक चूल : नेकनूरचें घर आणि नेदरलंड्समधील रीत

जमिनीच्या वांटणीचा विषय आमच्या वाचकांस नवा नाहीं. बहुतेकांच्या घरीं तो एकदां तरी निघालेला असतो. कित्येकांच्या घरचा तो कोर्टापर्यंत जाऊन आलेला असतो. तथापि वांटणींत नक्की काय वांटलें जातें, आणि जें वांटतां येत नाहीं त्याचें पुढें काय होतें, ह्याचा हिशेब मांडून पाहणारे थोडे. गेल्या पौषांत नेकनूर येथें आमच्या एका स्नेही बाईंच्या माहेरीं चार दिवस राहण्याचा योग आला. त्या घरीं हाच हिशेब चालू होता. बाई स्वतः कांहीं वर्षें नेदरलंड्स देशांत वागेनिंगेन येथील कृषिविद्यापीठांत राहून आलेल्या. त्यामुळें तिकडील शेतकरी कुटुंबांचा विषयही बोलण्यांत वारंवार येई. दोन्हीकडील रीत शेजारीं शेजारीं ठेवून पाहतां जें दिसलें, तें येथें देतों. घराण्याचें नांव देण्याचें कारण नाहीं.

बीडहून सोलापूरच्या हमरस्त्यानें घाट चढून गेलें म्हणजे मांजरसुंबा लागतें, आणि तेथून केजच्या रस्त्यास वळलें कीं थोड्याच अंतरावर नेकनूर. बालाघाटाच्या माथ्यावरील हा मुलूख. पाऊस बेताचा व लहरी. जमीन एका रानांत काळी कसदार, तर बांधापलीकडे मुरूम वर आलेला. खरिपांत कापूस, सोयाबीन, तूर, काळ्या रानांत रब्बीची ज्वारी, बरडावर सीताफळ. बीडच्या सीताफळास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, हें वाचकांस ठाऊक असेलच.

आम्ही आगाऊ वर्दी न देतां भर दुपारीं जाऊन पोहोंचलों. ओसरीवरील आजीबाईंनीं "कोणाकडचे?" एवढेंच विचारलें, आणि उत्तर पुरतें ऐकण्यापूर्वींच आंत वळून चार भाकरी अधिक टाकावयास सांगितलें. बाई हंसून म्हणाल्या, तिकडे असें न सांगतां जाऊन उभें राहिलें, तर घरच्यांस प्रथम काय अनर्थ झाला अशीच शंका येईल. तेथें सख्ख्या भावाकडे जावयाचें तरी दिवस व वेळ ठरवून जावें लागतें. परंतु घरांतील कोणाचा वाढदिवस असला म्हणजे सारा गोतावळा जमतो, खुर्च्या गोल मांडून कॉफी व केकचा एकेक तुकडा घेऊन बसतो, आणि ज्याचा वाढदिवस त्याचेंच नव्हे, तर त्याच्या आईबापांचें, भावंडांचें, उपस्थित सर्वांचें हस्तांदोलन करून अभिनंदन होतें. बाईंस ही चाल फार आवडली होती. माणूस वाढतो तो एकटा वाढत नाहीं, असें त्यांतून दिसतें, असें त्यांचें म्हणणें.

नेकनूरच्या ह्या घरांत माणसें सतरा. आजीबाई, बाईंची आई, भाऊ, भावजय व त्यांचीं दोन मुलें, मधले चुलते नाना, नानी, त्यांचे दोन मुलगे, दोन सुना व दोन नातवंडें, धाकटे चुलते तात्या, त्यांच्या पत्नी व एक मुलगा. खातें एक, चूल एक. नानांचा धाकटा मुलगा बीडास टेंपो चालवितो. थोरला मुलगा व त्याची बायको दिवाळी आटोपून ऊसतोडीस गेलीं होतीं, म्हणून पंगतीस दोन पानें कमी.

दुसऱ्या दिवशीं मंडळी रानांत हुरड्यास निघाली. गोवऱ्यांच्या आगटींत कणसें भाजत होतीं, तात्या तीं हातावर चोळून दाणे पाडीत होते, आणि तेथेंच वांटणीचें बोलणें निघालें. भांडण नव्हतें. बाईंचे वडील तीन वर्षांपूर्वीं वारले. कारभार तेच पाहत. ते असेपर्यंत कोणाचा किती खर्च झाला हें कोणीं विचारलें नाहीं. आतां विचारूं लागले.

पहिला प्रश्न ऊसतोडीच्या पैशांचा. बीड जिल्ह्यांतून दर वर्षीं पश्चिम महाराष्ट्रांतील व कर्नाटकांतील कारखान्यांकडे जीं असंख्य जोडपीं जातात, त्यांतलेंच हें एक. नवराबायकोच्या जोडीस 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून आगाऊ उचल घ्यावयाची व ती हंगामभर ऊस तोडून फेडावयाची. एकत्र कुटुंबाशिवाय हें कसें चाललें असतें, तें पाहण्यासारखें आहे. त्यांचीं दोन मुलें गांवीं राहून शाळेंत जातात, कारण मागें पणजी आहे, आजी आहे. ज्यांच्या घरीं असें कोणी नाहीं, त्यांचीं मुलें फडावर जातात आणि बहुधा त्यांची शाळा तेथेंच संपते. शेतांतील ज्वारीची राखण व काढणीही घरचींच माणसें करतात. मग उचलीचे पैसे कोणाचे? नाना म्हणत, घरचे. थोरल्या सुनेनें मात्र जातांना सासूस सांगून ठेविलें होतें कीं, हात आमचे सोलतात, पैसे आमचे. आमच्या मतें दोघांचेंही खरें होतें. पूर्वीं सर्वांची मिळकत एकाच रानांतून येई, म्हणून ती एकाच कणगींत पडे. आतां ती उसाच्या फडांतून, टेंपोच्या चाकावर, कोणाच्या पगारांतून अशी चार वाटांनीं येते. खर्च मात्र एका चुलीवर होतो. घरें फुटतात तीं सुनांच्या जिभेमुळें, असें म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. हिशेबाची वही नसल्यामुळें किती फुटलीं, हें कोणी मोजीत नाहीं.

आतां जमिनीकडे वळूं. खात्यावर २१ एकर आहेत : ओढ्याकांठीं ९ एकर काळी व तिच्यांत विहीर, वरच्या अंगास १२ एकर बरड. गांवच्या रीतीप्रमाणें प्रत्येक प्रतीची जमीन प्रत्येकास मिळाली पाहिजे. म्हणजे तिन्ही शाखांस ३-३ एकर काळी व ४-४ एकर बरड. न्याय दिसावयास चोख. परंतु ९ एकरांचें चौरस रान म्हणजे प्रत्येक बाजूस सुमारें ६२६ फूट. त्याच्या तीन पट्ट्या पाडावयाच्या तर चार-चार फुटांचे दोन बांध पडतात, आणि तिन्ही पट्ट्यांच्या तोंडाशीं दहा फुटांची गाडीवाट ठेवावी लागते. बांधांखालीं साडेचार गुंठ्यांहून अधिक व वाटेखालीं पावणेसहा गुंठे, म्हणजे सर्वांत उत्तम जमिनीपैकीं पाव एकर पहिल्याच दिवशीं पिकांतून उठली. एकेक पट्टी २०० फुटांहून थोडी अधिक रुंद. पुढील पिढींत तिचे दोन वांटे झाले कीं शंभर फूट. तींत उभी नांगरट होईल, आडवी कुळवणी करावयाची तर ट्रॅक्टर वळवण्यांतच दिवस जाईल. बांध कोरण्याचे तंटे येथें धरलेलेच नाहींत.

विहिरीची गोष्ट याहून अवघड. जमीन कापतां येते. विहीर कापतां येत नाहीं, तिचे आणे पडतात व पाण्याच्या पाळ्या लागतात. पाळी बहुधा दिवसांची असते, आणि खरी गोम येथेंच आहे. माघ लागला कीं ह्या घरची विहीर दोन तासांत तळास जाते व पुन्हा भरावयास रात्र घेते. वीज कधीं दिवसा येते, कधीं रात्रीं, कधीं येतच नाहीं. ज्याच्या दिवशीं वीज गेली त्याची पाळी गेली, आणि गहू ओंबीवर असतां एक पाळी जाणें म्हणजे काय, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. तात्यांनीं सुचविलें कीं पाळी दिवसांची न धरतां उपशाची धरावी : विहीर भरली आणि एकदां उपसली कीं एक पाळी झाली, मग त्यास एक दिवस लागो वा तीन. मोटारीच्या खोलींत वही टांगावी व ज्यानें उपसा केला त्यानें तेथेंच मांडून ठेवावें. सूचना साधी आहे; सामाईक विहीर असणाऱ्या प्रत्येकानें ती करून पाहावी, असें आम्हांस वाटतें. परंतु पाळीनें पाणी वांटलें जाईल, विहिरीचा खर्च वांटला जाईलच असें नाहीं. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें लातुरास पाणी न्यावें लागलें. त्या उन्हाळ्यांत ही विहीरही आटली होती, आणि तिघांनीं मिळून ती दोन परस खोल नेली. वांटणी झाली असती तर आधीं खर्च कोणीं काढावयाचा, ह्याच वादांत मृग उजाडला असता.

बाई तिकडे सुटीच्या दिवसांत ज्या कुटुंबाकडे जात, तें आख्टरहुक भागांतील, म्हणजे जर्मनीच्या सरहद्दीलगतचें, दुभत्या गाईंचा धंदा करणारें. (आपण त्या सर्व देशास हॉलंड म्हणतों, वास्तविक तें त्यांतील दोन प्रांतांचें नांव.) ह्या भागांत पूर्वीं तीन पिढ्या एका छपराखालीं राहत. शेजाऱ्यास तेथें 'नोआबर' म्हणतात, आणि जन्म, मरण, सुगी ह्या प्रसंगीं त्यानें धांवून येणें हें त्याचें कर्तव्य समजलें जाई. आपल्या सावडीची व इर्जिकीची आठवण व्हावी असाच प्रकार. त्या घरीं म्हातारा-म्हातारी आतां आवारांतीलच एका लहान घरांत राहतात; धंदा मधली मुलगी व जांवई पाहतात; बाकीचीं भावंडें शहरांत.

जमीन मात्र तुटलेली नाहीं. वाचकांस वाटेल, तेथें कायदाच तसा असेल. तसें नाहीं, वारसाहक्कांत सर्व मुलें तेथेंही समान. फरक आहे तो रीतींत. ज्याला शेती करावयाची आहे तें मूल तरुणपणींच आईबापांशीं लेखी भागीदारी करतें आणि वर्षानुवर्षें आपला हिस्सा वाढवीत नेतें. पुढें सर्व धंदा त्याच्याकडे जातो तो बाजारभावानें नव्हे, तर शेती करून फिटेल अशा कमी किंमतीनें. इतर भावंडें हा कमीपणा पत्करतात. परंतु करारांत बहुधा एक अट असते कीं ठराविक वर्षांच्या आंत जमीन चढ्या भावानें विकली, तर वरच्या नफ्यांत सर्वांचा वांटा. भावंडें त्याग करतात तो शेती टिकावी म्हणून, भावानें जमिनीचा व्यापार करावा म्हणून नव्हे, हें कागदावर लिहिलेलें असतें.

आपल्याकडे माणसें एकत्र राहतात व जमीन तुटते. तिकडे माणसें पांगतात व जमीन अखंड राहते. तिकडचें सारें गोड आहे असें मात्र कोणीं समजूं नये. जमिनीच्या किंमती अफाट, बँकांचें कर्ज डोक्यावर, आणि कित्येक वृद्ध शेतकऱ्यांस पुढें धंदा चालविणारें मूलच मिळत नाहीं. तुकडेही त्यांच्याकडे होतेच. आमेलांड बेटावर बालुम येथें १९१६ सालीं तुकड्यांची अदलाबदल करून पहिली जोडणी झाली, आणि १९२४ सालीं तिचा कायदा झाला. आपल्याकडे मुंबई इलाख्यानें तुकडेबंदीचा कायदा १९४७ सालीं केला. बीड तेव्हां निजामाच्या हैदराबाद संस्थानांत असल्यामुळें तो येथें मागाहून आला. कायद्यानें तुकडा पाडण्यास बंदी होते. विहिरीवर रात्रीं जागावें कोणीं, हें कायदा सांगूं शकत नाहीं.

आतां बाईंचा स्वतःचा प्रश्न. वडिलांच्या शाखेचे ७ एकर. त्यांत आई, भाऊ व बाई असे तीन वांटेकरी, म्हणजे प्रत्येकीं सुमारें दोन एकर तेरा गुंठे. मुलीचा हा हक्क महाराष्ट्रांत १९९४ च्या दुरुस्तीनें काहींशा मर्यादित रूपांत आला, २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनें मुलाच्या बरोबरीचा झाला, आणि बाप ९ सप्टेंबर २००५ रोजीं हयात असो वा नसो, हक्क जन्मानेंच येतो, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं स्पष्ट केलें. नानांनीं हक्कसोडपत्राचा मसुदा करून आणला होता. हेतु वाईट नव्हता. गांवांत सर्वत्र असेंच होतें. बहिणीनें हक्क सोडावा, भावानें साडीचोळी करावी व माहेर उघडें ठेवावें.

बाई म्हणाल्या, जमीन मला कसावयाची नाहीं, वांटाही वेगळा काढावयाचा नाहीं. पण सही करणार नाहीं. भावाचा चेहरा उतरला. नानी म्हणाल्या, घरांतल्या घरांत कागद म्हणजे अविश्वास. कांहीं वेळ कोणी बोललें नाहीं. आगटीवर नवी कणसें टाकलीं गेलीं. मग आजीबाई बोलल्या, आणि तें आम्ही त्यांच्याच शब्दांत देतों : "म्या अंगठा दिला व्हता भावांला. बाहात्तरला लेकरं उपाशी, खडी फोडून हाताला फोड आले व्हते, म्हून माहेराला गेले. पायलीभर जवारी दिली, अन् वहिनी म्हणली, मोजून न्या. अंगठा देताना कुणी मोजलं नव्हतं."

१९७२ च्या दुष्काळांत त्या सरकारी कामावर होत्या. सुकडीची चव अजून जिभेवर आहे असें म्हणतात. माहेरीं पुन्हा गेल्या त्या भाऊ वारल्यावर.

शेवटीं ठरलें तें असें. बरडाचे वांटे शाखांप्रमाणें वेगळे; तेथें विहीर नाहीं व तंट्यास कारण थोडें. काळी व विहीर सामाईक. लागवड एकत्र, आणि पीक घरीं येण्यापूर्वीं बी, खत, मजुरी व ज्याचे त्याचे कामाचे दिवस वहींत. ऊसतोडीचे व टेंपोचे पैसे ज्याचे त्याला. चुलीसाठीं प्रत्येक जोडप्यानें ठराविक रक्कम द्यावयाची, आणि जें जोडपें मुलें मागें ठेवून जाईल त्यानें थोडी अधिक. बाईंचें नांव सात-बारावर राहील, कसणूक भावाची. बाई खंड घेणार नाहींत. भावास कधीं विकावीशी वाटली तर प्रथम घरांतच विचारावयाची, आणि बाहेर विकली तर किंमतींत बाईंचा हिस्सा पुरता. ही शेवटची अट बाईंनीं आख्टरहुकाहून आणली, हें उघड आहे. कामाचे दिवस मांडण्याची कल्पना थोरल्या सुनेच्या निरोपांतून निघाली. तिला त्याचें श्रेय कोणीं दिलें नाहीं, म्हणून येथें देतों.

नाना पुरते खूष नव्हते. मसुदा त्यांनीं घडी करून खिशांत ठेविला, फाडला नाहीं. नव्या कागदावर सर्वांच्या सह्या व्हावयाच्या आहेत, त्यांत ऊसतोडीस गेलेला मुलगाही आला. तो जोडप्यानें होळीच्या सुमारास परतेल. तोंपर्यंत गव्हाच्या पाण्याच्या पाळ्या जुन्याच रीतीनें चालल्या आहेत. मोटारीच्या खोलींत वही मात्र तात्यांनीं आम्ही निघण्यापूर्वींच टांगली.