एकनळी बाष्पतापन : दाब, हवा आणि उतार

न्यूयॉर्क, बॉस्टन, शिकागो यांसारख्या अमेरिकन शहरांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेल्या अनेक घरांत हिवाळ्यातील ऊब अद्यापि वाफेनेच मिळते. तळघरात बॉयलर, खोल्याखोल्यांत ओतीव लोखंडाचे रेडिएटर आणि त्यांना जोडणारे पोलादी नळ, इतकीच तिची सामग्री. ज्या पद्धतीत प्रत्येक रेडिएटरला एकच नळ जोडलेला असतो, तिला एकनळी पद्धती म्हणतात. ज्या नळाने वाफ वर चढते, त्याच नळाने ती निवून झालेले पाणी खाली उतरते. अशा घरांतील तक्रारी ठरावीक असतात : एक खोली भट्टीसारखी तापलेली, दुसरी गार, आणि मध्यरात्री नळांतून हातोड्याचे घाव पडावेत तसा आवाज. यावर देखभाल करणारा बहुधा बॉयलरचा दाब वाढवितो. हा उपाय जवळजवळ नेहमीच चुकीचा असतो. तो का चुकीचा, हे कळले म्हणजे या पद्धतीचे मर्मच कळले असे म्हणावयास हरकत नाही.

वाफेचे सामर्थ्य तिच्या दाबात नसून तिच्या सुप्त उष्णतेत आहे. एक ग्रॅम पाणी ० पासून १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविण्यास सुमारे १०० कॅलरी लागतात. त्याच उकळत्या पाण्याची वाफ करण्यास आणखी सुमारे ५४० कॅलरी द्याव्या लागतात. रेडिएटरच्या थंड लोखंडाला भिडून वाफेचे पुन्हा पाणी होते, तेव्हा हीच उष्णता खोलीस मिळते. (मोदकपात्राचे झाकण उचलताना ज्याचा हात भाजला आहे, त्याला हे निराळे सांगावयास नको.) वातावरणाहून दर चौरस इंचास १ पौंड अधिक दाब असता वाफेचे तापमान सुमारे १०२ अंश असते, तोच अधिक दाब ५ पौंड केला, तरी ते १०८ अंशांच्या आसपासच पोहोचते, आणि सुप्त उष्णता तर किंचित घटते. शिवाय अधिक दाबाची वाफ अधिक घन असल्यामुळे तेवढीच उष्णता नेताना ती नळातून सावकाश चालते. म्हणूनच घरगुती बॉयलरला अर्धा ते दीड पौंड दाब पुरेसा मानतात. स्वयंपाकघरातील प्रेशर कुकरमध्ये याच्या कितीतरी पट दाब असतो.

दूरची खोली गार राहते ती बहुधा हवेमुळे. बॉयलर थंड असता नळ व रेडिएटर हवेने भरलेले असतात, आणि ती बाहेर पडल्यावाचून वाफेला आत वाव मिळत नाही. यासाठी प्रत्येक रेडिएटरवर व मुख्य नळाच्या शेवटी हवेची झडप बसवितात. ती हवा सोडते आणि वाफेचा स्पर्श होताच आपोआप मिटते. मुख्य नळावरील झडप गंजाने बुजली, तर त्या नळातील सारी हवा रेडिएटरांच्या लहानशा झडपांतून जावी लागते. मग जवळच्या खोल्या आधी तापतात. थर्मोस्टॅट तेथे असल्यास तो बॉयलर बंद करतो, आणि टोकाच्या खोलीची पाळी येतच नाही. दाब वाढविल्यास काही झडपा एकदा मिटल्या की त्या दाबापुढे पुन्हा उघडतही नाहीत.

आवाजाचे कारण साचलेले पाणी होय. घर थोडे खचले किंवा नळाचा आधार सुटला, की नळाला झोल येतो व तेथे पाणी थांबते. वरून धावणारी वाफ त्यावर लाटा उठविते. एखादी लाट नळ भरून टाकते आणि वाफ तो पाण्याचा गोळा पुढच्या वळणावर नेऊन आदळते. रेडिएटरचा कल उलटा झाला, तरी हेच घडते. वाफेच्या झडपेकडील बाजू सखल हवी. पलीकडील पायांखाली एखादी चकती सारली की पुष्कळदा काम भागते. ही झडप पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद असावी. उष्णता कमी करावी म्हणून ती अर्धवट फिरविणारा रहिवासी पाण्याची उतरण्याची वाटच अडवितो. जुन्या नळांवरील अॅस्बेस्टॉसचे आवरण आरोग्यासाठी काढणे योग्यच. परंतु त्या जागी दुसरे न घातल्यास वाफ वाटेतच निवते आणि पाणी वाढते.

सर्वांत मोठा धोका बॉयलरपाशी असतो. परतीचा नळ पुष्कळदा जमिनीलगत वा जमिनीखाली असतो, आणि तो गंजून फुटला तर बॉयलरमधील पाणी त्यातून निघून जाते. खाली अग्नी चालूच राहतो. कोरड्या, लाल झालेल्या लोखंडावर पुन्हा पाणी पडल्यास भयंकर अपघात संभवतो. बॉयलरचा विमा उतरविणाऱ्या हार्टफर्ड येथील एका कंपनीने १९१९ साली यावर एक जोडणी पुढे आणली. तीत परतीचा नळ थेट बॉयलरच्या तळाशी न जोडता वर उचलून, पाण्याच्या नेहमीच्या पातळीच्या किंचित खाली, समदाब राखणाऱ्या उभ्या नळास जोडतात. परतीचा नळ फुटला, तरी त्या सांध्याच्या खालचे पाणी तेवढ्याने निघून जात नाही. ही युक्ती यंत्रशाळेतून न येता विम्याच्या कचेरीतून आली, हे लक्षणीय आहे. बॉयलरलाच गळती लागली तर मात्र तिचा उपयोग नाही. पाणी घटताच अग्नी बंद करणारे साधन त्यासाठीच लागते.

नव्या बॉयलरमध्ये जोडकामातील तेलाचा तवंग पाण्यावर राहतो. त्यामुळे पाणी उसळून वाफेबरोबर नळांत चढते. म्हणून तो पृष्ठावरून संथपणे वाहू देऊन काढावा लागतो. तरंगकाचे पाणीरक्षक साधन असल्यास त्यातील गाळ तापनाच्या दिवसांत आठवड्यातून एकदा सोडतात. बॉयलरमध्ये किती नवे पाणी घालावे लागले, याचीही नोंद ठेवणे इष्ट, कारण ताज्या पाण्याबरोबर प्राणवायू येतो व लोखंड खाऊ लागतो. हा आकडा आठवड्यागणिक वाढत असेल, तर जमिनीखालील परतीचा नळ प्रथम तपासावा.