मदयनच्या विहिरीवरची मुलगी

ज्या मशिदींत तरावीहमध्ये रोज एक पारा वाचला जातो, तिथे विसाव्या रात्री सूरह कसस कानावर पडते. कुरआनची ही २८ वी सूरह. हजरत मूसा (अलै.) यांची हकीकत तिच्यात विस्ताराने येते. फिरऔन आणि नदीत सोडलेली पेटी सगळ्यांनाच ठाऊक असते. मदयनच्या विहिरीवरची मुलगी मात्र आपल्या बोलण्यात फारशी येत नाही.

मूसा इजिप्तमधून जीव वाचवून मदयनला पोहोचले होते. विहिरीवर मेंढपाळांची झुंबड होती आणि दोन बहिणी आपली जनावरे अडवून बाजूला उभ्या होत्या. मूसांनी चौकशी केली. हे सगळे गेल्याशिवाय आम्हाला पाणी पाजता येत नाही आणि वडील फार थकले आहेत, असे त्या म्हणाल्या. मूसांनी जनावरांना पाणी पाजले आणि सावलीत जाऊन अल्लाहकडे हात पसरले. मुलींकडे काही मागितले नाही.

थोड्या वेळाने त्यांतली एक परत आली. ती लाजत चालत आली, असे कुरआन आवर्जून सांगतो. वडिलांचा निरोप तिने दिला. आणि लगेच पुढच्याच आयतीत, घरी, ती वडिलांना सुचवते की या माणसाला कामावर ठेवा, तो ताकदवान आहे आणि विश्वासूही. गर्दीत पुढे न होणारी मुलगी एका बेघर परक्यासाठी शब्द टाकते, तोही कारणासकट!

पैगंबरांनी (स.) हयेला ईमानचा भाग म्हटले आहे. ती फक्त बायकांसाठी नाही, सहाबांमध्ये हयेसाठी नाव घेतले जाते ते हजरत उस्मान (रजि.) यांचे. आपण मात्र हया म्हणजे मुलीचे गप्प बसणे, असे धरून चाललो आहोत. स्थळ आले की ‘मुलीचे मौन हीच संमती’ ही हदीस घरोघरी आठवते. त्याच हदीसमध्ये तिला आधी विचारा असा हुकूम आहे, तो सोयीने गळून पडतो. लाजणाऱ्या मुलीची अडचण ओळखून दिलेली ही सवलत होती. तिला न विचारण्याचा तो परवाना नव्हे.

मदयनच्या त्या म्हाताऱ्या बापाने मुलीला गप्प केले नाही. दोघींपैकी एकीशी निकाह लावून देण्याची तयारी त्यांनी दाखवली, आठ वर्षांच्या चाकरीच्या बोलीवर. दहा केलीत तर तुमची मर्जी, म्हणाले. सावलीत एकट्या बसलेल्या माणसाला घर मिळाले.

याच मूसांना पुढे फिरऔनच्या दरबारात जाण्याचा हुकूम झाला. तेव्हा आपल्या जिभेची गाठ सुटावी, अशी दुआ त्यांनी मागितली. भाऊ हारून यांची जीभ माझ्यापेक्षा साफ चालते, त्यांना माझ्यासोबत द्यावे, असेही म्हटले.