सळईवरचा 'डी'

सेकंड इयरच्या सुट्टीत आम्ही तिघं एका साइटवर ट्रेनिंगला जात होतो. एका कॉलमच्या चार सळया चुकीच्या जागी वाकवल्या गेल्या होत्या. फिटरमामांनी गॅसची ज्योत लावून त्या लालबुंद केल्या आणि पाइप घालून सरळ केल्या. आम्ही कौतुकाने बघत राहिलो! पुढे पुस्तक उघडलं तेव्हा कळलं, की आपण एक घोडचूक उघड्या डोळ्यांनी बघितली. तोवर कॉलम भरून झाला होता. ती चूक कळायला चार-पाच शब्द पुरेसे आहेत. तेच आज बघू.

साइटवर सगळ्यालाच 'लोखंड' म्हणतात. पण शुद्ध लोखंड मऊ असतं; खरी करामत कार्बनची. ब्लास्ट फर्नेसमध्ये लोहखनिज, कोक आणि चुनखडी घालून गरम हवा फुंकली, की खाली जमतं ते पिग आयर्न. त्यात साधारण ४ टक्के कार्बन असतो. चुनखडी खनिजातली घाण आपल्याबरोबर घेते, तिची होते धातुमळी म्हणजेच स्लॅग. असं जास्त कार्बनचं लोखंड ओतून वस्तू केल्या, की ते कास्ट आयर्न, आपलं बीड. आजीचा बिडाचा तवा हातातून पडला तर वाकत नाही, थेट तडकतो. कार्बन २ टक्क्यांच्या खाली आला, की ते पोलाद. बांधकामाच्या सळईत तर तो ०.३० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही.

हा कार्बन काढायचा कसा? वितळलेल्या लोखंडात ऑक्सिजन फुंकून जाळायचा. हा एलडी कन्व्हर्टर. लिंझ आणि डोनाविट्झ या ऑस्ट्रियातल्या दोन गावांची ही आद्याक्षरं. १९५२ साली लिंझला याची सुरुवात झाली. दुसरा रस्ता म्हणजे भंगार आणि स्पंज आयर्न विजेच्या भट्टीत वितळवणं. खनिज न वितळवता त्यातला ऑक्सिजन काढून घेतला, की स्पंज आयर्न मिळतं. आपल्या जालन्याचे सळईचे कारखाने याच वाटेने चालतात. वितळलेल्या पोलादाचे चौकोनी लांब ठोकळे ओततात, ते बिलेट. बिलेट तापवून रोलिंग मिलमधून काढले, की सळई तयार.

आता आपल्या चुकीकडे येऊ. टीएमटी सळई रोलिंगमधून लालभडक बाहेर पडते, तेव्हा तिच्यावर पाण्याचे जोरदार फवारे मारतात. लोहार कोयत्याला पाणी देतो, तसंच काहीसं. बाहेरची साल एकदम थंड होऊन कडक होते, ती मार्टेन्साइट. गाभा मात्र अजून तापलेलाच असतो. त्याची उष्णता बाहेर येते आणि सालीचा ठिसूळपणा घालवते. याला टेंपरिंग म्हणतात. म्हणजे साल कडक, गाभा लवचिक. आता या सळईवर गॅसची ज्योत धरा! कारखान्यात पाण्याने कमावलेली ताकद मिनिटभरात जाते. सळई दिसायला तीच, पण त्या जागी ती कमकुवत झालेली असते.

आता सळईवरचं 'एफई ५०० डी' वाचू. एफई म्हणजे फेरम, लोखंडाचं लॅटिन नाव. ५०० म्हणजे यील्डची ताकद, दर चौरस मिलिमीटरला ५०० न्यूटन. आणि 'डी' म्हणजे डक्टिलिटी, तुटण्याआधी ताणलं जाण्याची क्षमता. आयएस १७८६ प्रमाणे साधी ५०० ची सळई तुटेपर्यंत किमान १२ टक्के लांबली पाहिजे, 'डी'वाली १६ टक्के. त्यासाठी 'डी'मध्ये सल्फर आणि फॉस्फरस मिळून ०.०७५ टक्क्यांच्या आत ठेवावे लागतात. साध्या सळईला ०.१०५ पर्यंत सूट आहे.

हे चार टक्के कशाला एवढे महत्त्वाचे? भूकंपात इमारत हलते तेव्हा नुसती ताकद पुरत नाही. सळई ताणली गेली तर कॉलमला तडे जातील, बीम वाकेल, पण आतल्या माणसांना बाहेर पडायला वेळ मिळेल. सळई पटकन तुटली तर तोही मिळत नाही.

तेव्हा दोस्तांनो, व्हायव्हासाठी हे शब्द पाठ कराच, पण साइटवर गेलात की सळईवरचा छाप आधी वाचा. आणि कोणी गॅस पेटवून सळईकडे निघालं, तर आमच्यासारखे गप्प बसू नका. "मामा, जरा थांबा," एवढं म्हणा आणि साइट इंजिनिअरला बोलवा. मामा हसतील कदाचित. हसू देत!