जग बघायला जाताना नाणेघाटाची वाट

मुरबाडकरांनी एसटीने कल्याण गाठायचं, शहापूरकरांनी आसनगावला लोकल पकडायची. सीएसएमटीला उतरून काळ्या घोड्यापर्यंत पायी. येण्याजाण्यातच चार-पाच तास मोडतात, तेव्हा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय एका दिवसात उरकायचा हट्ट नको. शाळांच्या सहली नेमकं तेच करतात: रांग, शिट्टी, भुसा भरलेले प्राणी, डबा, परत.

१९०५ साली कोनशिला बसलेली ही वास्तुकार जॉर्ज विटेटची इमारत पहिल्या महायुद्धात लष्करी इस्पितळ होती. संग्रहालय म्हणून ती खुली झाली १९२२ मध्ये. आत चीन-जपानच्या वस्तू आहेत, युरोपीय चित्रं आहेत. त्यांतलं पुष्कळसं रतन आणि दोराब या टाटा बंधूंनी जमवलेलं.

पण आपण सुरुवात करावी ती सोपाऱ्याच्या दगडापासून. १९५६ साली भुईगावला सापडलेला हा तुकडा अशोकाच्या नवव्या आज्ञेचा आहे. आजारपण, लग्न, बाळंतपण, प्रवास अशा प्रसंगी लोक नाना विधी करतात, त्यांचं फळ थोडंच. नोकर-गुलामांशी नीट वागण्यासारखं आचरण हाच खरा विधी, असं राजा सांगतो. आपल्याकडचा हळदीचा खर्च पाहता हा दगड अजून जुना झालेला नाही.

हा दगड ज्या सोपाऱ्याचा, तिथल्या आणि कल्याणच्या बंदरात उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरकडे जाई. घाटाचा पायथा मुरबाड तालुक्यातलं वैशाखरे. वर लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, सातवाहनांच्या पुतळ्यांची उरलेली पावलं आहेत आणि बाहेर जकातीची नाणी टाकायचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण. जुन्नरला रोमन मद्यकुंभांचे तुकडे मिळाले आहेत. रोमचा माल आपल्या शिवेवरून गेलाय, हे डोक्यात असलं की परदेशी दालनं परकी वाटत नाहीत.

मग इराकमधल्या निमरूदच्या शिल्पपटांपुढे निवांत थांबावं. ते जवळपास अठ्ठावीसशे वर्षांपूर्वीचे, अ‍ॅसिरियन राजवाड्याच्या भिंतींवरचे. इंग्रज उत्खननकार लेयार्डने एकोणिसाव्या शतकात तिथे खणलेल्या शिल्पांच्या पेट्या बसऱ्याहून मुंबईमार्गे लंडनला जात. उरलेला वेळ फार तर आणखी एका दालनाला द्यावा.

संग्रहालयाची फिरती बसही २०१५पासून आहे. वस्तू मांडून ती शाळांच्या दारी जाते. आमच्याकडच्या मुख्याध्यापकांनी एक अर्ज करून बघायला काय हरकत आहे?