अपंग वाटेकरी व त्याचा सातबारा

वडिलोपार्जित जमिनीच्या वाटण्या होताना एक गोष्ट खेडोपाडी अद्याप घडते. चार भावांपैकी एखादा आंधळा, मुका अथवा पायाने अधू असला, म्हणजे ‘त्याला आम्ही सांभाळूच’ असे म्हणून त्याजकडून हक्कसोडपत्र करून घेतात व सातबाऱ्यावर तिघांचीच नावे लागतात. असे करणारे सारेच दुष्ट असतात असे नाही. ज्यास नांगर धरवत नाही त्यास जमीन कशाला, असे कित्येकांस मनापासून वाटते. महसूल खात्यात आमची हयात गेली. भाऊ जिवंत आहेत तोवर हे वचन बहुधा पाळले जाते. पुतण्यांच्या राज्यात मात्र चुलत्याची भाकरी जड होते, असे आम्ही पाहिले आहे.

या समजुतीचे मूळ जुन्या धर्मशास्त्रात आहे. मनुस्मृतीने जन्मांध, बधिर, मूक इत्यादिकांस वाटा नाकारून केवळ अन्नवस्त्राचा अधिकार दिला. ही बंदी १९२८ च्या कायद्याने उठली. जन्मतः वेडे व जडबुद्धी यांचा तेवढा अपवाद राहिला. तोही १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या २८ व्या कलमाने गेला. रोग, व्यंग वा विद्रूपता यांमुळे आता कोणाचाही वारसा बुडत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही मालमत्तेचा समान हक्क स्पष्ट शब्दांत लिहून ठेविला आहे.

हक्कसोडपत्र नोंदलेले असावे लागते; कोऱ्या कागदावरील अंगठा पुरत नाही. फेरफार मंजूर होण्यापूर्वी हितसंबंधी इसमांस नोटीस जाते व हरकतीस मुदत मिळते. परंतु आंधळ्या भावास ती नोटीस वाचून कोणी दाखवावी? ज्यांस वाटा हवा तेच घरचे वाचणारे! याकरिता मामा, शाळामास्तर अथवा सोसायटीचे सेक्रेटरी यांपैकी कोणी तो कागद त्याजसमोर वाचावा. भाऊ मतिमंद असल्यास १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून पालक नेमून घेता येतो.

राहिला नांगराचा आक्षेप. बैलजोडी नसलेला खातेदार जमीन वाट्याने देतो, त्यास कोणी जमीन सोड म्हणत नाही. मग अधू भावासच का म्हणावे? शिवाय पाय गेलेला मनुष्य शेतात उतरतच नाही, हेही खरे नव्हे. रामचंद्र शर्मा व डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूर येथे सिद्ध केलेला रबरी पाय बूट न घालता चालण्यासाठीच बनविला आहे. गुडघा शाबूत असल्यास तो लावून उकिडवे बसता येते व चिखलातही उतरता येते. भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ पासून तो विनामूल्य बसवून देते.

शेतकाम करताना अपघाताने हात, पाय किंवा डोळा गेल्यास गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या राज्य योजनेच्या २०२३ च्या निर्णयात एका अवयवास १ लाख व दोहोंस २ लाख रुपये अनुदान ठरविले आहे. दुःखात दिवस निघून जातात. तरी तालुका कृषि अधिकाऱ्यांकडे अर्ज तातडीने द्यावा. त्यास सातबारा जोडावा लागतो, हे वाटणीच्या वेळी ध्यानात असावे.

अपंगत्व ४० टक्के वा अधिक असल्याचा दाखला सरकारी रुग्णालयातून अवश्य घ्यावा. बहुतेक सवलती त्यावरच मिळतात. ग्रामपंचायतीनेही स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्चावयाची असते. ती कोठे गेली, हे ग्रामसभेत विचारण्यास कोणासही मनाई नाही.