अंगणातलं कोर्ट, घरच्या घरी
१९६५ साली अमेरिकेतल्या बेनब्रिज बेटावर, जोएल प्रिचर्ड यांच्या घरच्या जुन्या बॅडमिंटन कोर्टावर पिकलबॉल हा खेळ जन्माला आला. आजही त्याचं कोर्ट ४४ बाय २० फुटांचंच. एवढी मोकळी जागा असेल, तर एकमेकांत अडकणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनच्या टाइल्स घरच्या घरी बसवता येतात.

खरी मेहनत खालच्या कोब्याची! लांब, सरळ पट्टी फिरवून खळगे शोधायचे आणि भरून घ्यायचे. कोर्ट बंदिस्त खोलीत असेल, तर कोब्यावर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून दिवसभर ठेवावा. खाली पाण्याचे थेंब जमले, तर आधी ओल काढायची.

टाइल्स एका कोपऱ्यापासून रबरी हातोडीने ठोकत जाव्यात. भिंतीलगत मात्र फट हवीच. उन्हाने प्लास्टिक प्रसरण पावतं आणि जागा मिळाली नाही, तर मधला भाग फुगून वर येतो. म्हणून कडेच्या टाइल्स सर्वांत शेवटी, मापून कापाव्यात.