उन्हाळ्याची कोशिंबीर : आधी तिच्या ताटात

14 एप्रिलच्या जयंतीपासून बुद्धपौर्णिमेपर्यंतचे दिवस आपल्या घरांत लगबगीचे असतात. मिरवणूक, विहारातील कार्यक्रम, भोजनदान, पाहुण्यांची ये-जा. नेमके हेच दिवस कडक उन्हाचे. भूक मंदावते, एखादे जेवण चहावरच निभावले जाते. याची झळ घरातील स्त्रीला जास्त बसते, कारण ती सर्वांत शेवटी जेवते. तोवर काकडी-कांदा, फळे संपलेली असतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) देशातील 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय, म्हणजे ॲनिमिया आढळला. महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याहून अधिक आहे. दम लागणे, चक्कर येणे, सतत थकवा ही लक्षणे ‘उन्हामुळे होतंय’ म्हणून अंगावर काढली जातात.

बाजरी, कडधान्ये, पालेभाज्या यांत लोह असते. पण ते शरीरात कमी प्रमाणात शोषले जाते. त्याच जेवणात ‘क’ जीवनसत्त्व असेल तर शोषण वाढते. त्यासाठी महागडी फळे नकोत. उन्हाळ्यात लिंबू महागले तरी कैरी असतेच.

साहित्य (चार जणांसाठी) : मोड आलेले मूग 1 वाटी, काकड्या 2, कांदा 1, किसलेली कैरी पाव वाटी, बिया काढलेल्या कलिंगडाच्या फोडी 2 वाट्या, भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट 2 चमचे, कोथिंबीर, चवीपुरते मीठ.

कृती : मूग पाच-सात मिनिटे वाफवून पूर्ण थंड करा. काकडी, कांदा, कैरी, कोथिंबीर स्वच्छ पाण्याने धुऊन घ्या. कलिंगडही कापण्याआधी बाहेरून धुवा. काकडी व कांदा बारीक चिरून मूग, कैरी मिसळा. कलिंगड, कूट आणि मीठ अगदी वाढताना घाला. आधी घातल्यास पाणी सुटते. कैरी शिजवू नका, उष्णतेने ‘क’ जीवनसत्त्व कमी होते.

कोशिंबीर ताजीच खावी. भोजनदानात वाढायची असेल तर थोडी थोडी कालवावी, उन्हात झाकून ठेवू नये. मधुमेह असणाऱ्यांनी कलिंगड बेताने घ्यावे, रक्तदाब असणाऱ्यांनी मीठ कमी करावे. मूत्रपिंडाचा आजार असल्यास डॉक्टरांना विचारूनच खावे.

जेवणासोबत किंवा लगेच नंतर चहा नको. चहामुळे लोहाचे शोषण घटते. निदान तासभर थांबा. आणि थकवा जात नसेल तर कोशिंबिरीवर विसंबू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या, डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या मध्येच सोडू नका.

1928 साली मुंबई विधान परिषदेत प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना, मातेला बाळंतपणाच्या आधी व नंतर विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी बाजू बाबासाहेबांनी मांडली होती. कष्टकरी स्त्रीचे आरोग्य हा तिचा एकटीचा प्रश्न नाही, ही शिकवण आपल्या स्वयंपाकघरातही यायला हवी.

म्हणून बंधूंनो, काकडी-कांदा चिरायला तुम्हीही बसा. भगिनींनो, वाढायला घेण्याआधी आपली वाटी बाजूला काढा. आणि जमेल त्या दिवशी सगळे एकत्रच जेवायला बसा.

जयभीम!